भावाचा उपवास

११ जून
जुळलं. माझंच! आईला साखर निघाली, वहिनीचा रक्तगट वेगळा, आणि माझं मेलं सगळं जुळलं. ज्या माणसाशी उभ्या जन्मात एक गोष्ट पटली नाही, त्याच्याशी आतून सगळं जुळतं म्हणे. डॉक्टर म्हणाले, "नशीबवान आहात." कोण नशीबवान, ते विचारायचं राहिलं.

आई फोनवर रडली, आनंदानं. माझ्या कुठल्या बातमीनं ती अशी रडल्याचं आठवत नाही.

१४ जून
लखनकडे जाऊन आले. आई त्याच्याचकडे असते, भुशी धरणाच्या वाटेवरच्या आमच्या वस्तीत. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पाय सुजलेले, तोंड काळं पडलेलं. धरणाच्या पायऱ्यांवर भज्यांची आणि मक्याची गाडी होती, ती आता छकुलीवहिनी बघते. समोर एवढं धरण भरलेलं आणि ह्याला दिवसाला मोजून दोन पेले पाणी! मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

त्या उंबऱ्यावर पाय ठेवला की मला तोच दिवस आठवतो. नवऱ्याचा मार खाऊन, त्याला सोडून, पिशवी घेऊन आले होते. लखन दारात आडवा उभा. "दिल्या घरी सुखी ऱ्हा. हितं जागा न्हाई." आई आतून ऐकत होती, बाहेर आली नाही. त्याच पावली तळेगावला गेले. खोली घेतली, कंपनीत पॅकिंगला लागले, काडीमोडही एकटीनंच घेतला. तेव्हापासून त्याला दादा म्हणत नाही. इथेही लखनच लिहिणार.

आज चहा घेताना आई वहिनीला म्हणाली, मी समोर बसलेली असताना, "तिला कोन हाय? ना पोर ना बाळ. तिला दोन काय करायच्यात?" जणू मी घरात दोन खलबत्ते ठेवलेत आणि शेजारणीला एक देत नाही. वहिनी खाली बघत राहिली. लखन भिंतीकडे बघत होता. बोलणार कशाला, त्याला घ्यायचीच आहे.

तरी मी हो म्हणून आले. का, ते मला विचारू नये. आईच्या तोंडाकडे बघून म्हणाले असेन.

१९ जून
चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमा करायची. रजा मागितली तर मुकादम म्हणतो, "आत्ता नाही, माल अडकलाय." म्हणून कॅन पिशवीत घालून कंपनीत नेला. गेटवर वॉचमन विचारतो, "काय मावशी, ताक आणलं काय?"

म्हटलं, "प्यायचंय?"

२७ जून
रक्ततपासणी. रात्रीपासून उपाशी. दवाखान्यात रांगेत बसले होते तर आईचा फोन. काही खाल्लं नाही ऐकून खूश झाली. "चला, त्या निमितानं का हुईना, भावासाटी उपाशी ऱ्हायलीस." टोमणा कळला मला. नागपंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बहिणी भावाचा उपवास धरतात. भावाला आयुष्य मिळावं म्हणून दिवसभर पोटात काही घालत नाहीत. मी सोडलाय तो. त्या दारातून परतले त्या वर्षीपासून. त्या दिवशी मी मुद्दाम मिसळ खाते.

"आये, ह्यो तपासणीचा उपास हाय," म्हटलं. "तुज्या लेकाचा न्हाई."

तिनं फोन आपटला.

३ जुलै
मुकादमानं आज स्पष्टच सांगितलं. ऑपरेशननंतर तीन महिने जड उचलायचं नाही म्हणजे पॅकिंगचं काम नाही. काम नाही म्हणजे जागा धरून ठेवणार नाही. कंत्राटी माणसाला काय, आज आहे उद्या नाही.

दुपारी दवाखान्यात लखन बाकावर बसला होता. मी लांबच्या बाकावर बसले. तो तिथूनच मोठ्यानं, "तुजी कंपनी काय म्हन्ती?"

लाज नाही! तुला काय करायचंय माझ्या कंपनीचं? म्हटलं, "काडून टाकनार म्हन्ती. झालं समाधान?"

त्यानं बाटलीच्या टोपणात घोटभर पाणी घेतलं, ओठ ओले केले, टोपण परत लावलं. मला तेवढ्यानंही राग आला.

८ जुलै
आईनं काढा पाठवला. रानातल्या कसल्याशा मुळ्या उकळून बाटली भरलीय. "किडनी ताकदवान हुती." म्हणजे ताकद मला नको, त्याच्याकडे जाणाऱ्या मालाला हवी! मोरीत ओतला. मोरी हिरवी झाली.

१२ जुलै
स्कॅन झालं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही उत्तम, डावी घेऊ. बसमध्ये डाव्या कुशीवर हात ठेवून बसले होते. तिला म्हटलं, बाई गं, तुझाही निकाल लागला. दिल्या घरी सुखी राहा. शेजारची बाई सरकून बसली.

एक विचार मात्र गोड आहे. दर वेळी लघवीला गेला की त्याला मी आठवेन. जन्मभर, दिवसातून पाचदा. एवढी चांगली शिक्षा कोर्टानंही दिली नसती.

१५ जुलै
आता आईला माझी ओटी भरायची आहे. ऑपरेशनच्या आधी, खणानारळानं, नवी साडी नेसवून. लेकीसारखी पाठवणी करते म्हणे. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा ओटीत काय होतं, ते कुणी बघितलं नव्हतं. बोकडालाही आधी हळदकुंकू लावतात. साडी नको म्हणून सांगितलं.

१६ जुलै
आज दवाखान्यातल्या समाजसेविका मानसी मॅडमनी एकटीला खोलीत बसवलं. दार लावून घेतलं. विचारलं, "मनापासून देताय ना? कोणी दबाव आणलाय का?"

मी हसले. आमच्यात दबाव आणत नाहीत, जन्मतःच घातलेला असतो.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, नको असेल तर इथे सांगा. या खोलीतलं बाहेर जात नाही. घरच्यांना आम्ही फक्त 'डोनर फिट नाही' एवढंच सांगतो. कारण कोणाला सांगत नाही. तुमच्यावर बोल येणार नाही." मग म्हणाल्या, "घाई नाही, शुक्रवारी सांगा. भावालाही त्या दिवशी असंच एकटं बसवून विचारणार आहोत."

त्याला काय विचारायचं? जेवणाऱ्याला विचारतात का, वाढू का म्हणून?

पण असं सुटता येतं! एक शब्द, आणि कुणाला कळणारही नाही.

१७ जुलै
नाही म्हणणार. ठरलं.

दिवसभर खोके भरताना हलकं वाटलं. मुकादमाला सांगून टाकावंसं वाटलं की माझी जागा ठेव, मी कुठे जात नाही. ह्या खोलीचं भाडं मी भरते, हे पोट मी भरते. मी नाही म्हणू शकते. त्यानं तर दार अडवून, तोंडावर म्हटलं होतं. माझं निदान गुपचूप असेल.

१८ जुलै
हो म्हणाले.

आत जाईपर्यंत नाहीच होतं. मॅडमनी विचारलं आणि तोंडातून हो निघालं. पुन्हा विचारलं. पुन्हा हो. माझाच मला इतका संताप आला की बाहेर येऊन जिन्यात बसले. माया वगैरे काही नाही. मी त्याच्यासारखी नाही, एवढंच. तो दारात आडवा उभा राहिला, मी नाही राहणार. हे त्याला कळलं पाहिजे आणि ते कळायला तो जिवंत पाहिजे.

माझ्यानंतर तो आत गेला. बाहेर आला तेव्हा मी जिन्यातच होते. "हितं काय बसलीस? फरशी गार हाय," एवढं बोलून काठी टेकत गेला.

२१ जुलै
मानसी मॅडमचा फोन. "ताई, डोनर फिट नाही असं टीमनं ठरवलंय. ऑपरेशन होणार नाही."

मी म्हटलं, "अहो, पण मी हो म्हणाले होते."

"हो."

"मग माझ्या रिपोर्टात काही निघालं का?"

"तुमची तब्येत उत्तम आहे, काळजी करू नका. यापलीकडे मी काही सांगू शकत नाही, ताई."

फोन ठेवला. त्या खोलीत आम्ही दोघंच गेलो होतो.

२२ जुलै
अर्धी रजा टाकून गेले. आईनं दारातच सुरू केलं, "काडा पेली न्हाईस! म्हनून बाद झालीस! एक काम सांगितलं तुला!" ऊर बडवत होती. लखन खाटेवरून म्हणतो, "तिच्यातच खोट हाय, आये. आता कुणाच्या नावानं बोंबलतीस?" चेहऱ्यावर काही नाही. इतका सराईत खोटारडा मी बघितला नाही.

निघाले तर काठी टेकत रस्त्यापर्यंत आला. मी म्हटलं, "आत काय सांगितलंस त्या बाईला?"

"काय सांगायचं आसतं? व्हय न्हाईतर न्हाई."

"मरशील. कळतंय का तुला? मी उद्या जाऊन परत सांगते."

"सांग की. मी बी परत सांगंन." धाप लागली होती त्याला. माझ्याकडे बघत नव्हता, वाटेकडे बघत होता. "दारातनं हाकलली तुला. आता तुजी कंपनी बी खाऊ व्हय? तुज्या किडनीला हितं जागा न्हाई. जा. शिफ्ट चुकंल."

"दादा," म्हटलं.

तो वळून घराकडे चालू लागला होता.

२४ जुलै
मॅडमना भेटले. त्या म्हणाल्या, पेशंट नको म्हणाला तर टीम पुढे जात नाही. मेंदू मृत झालेल्या माणसाची किडनी मिळते, त्या यादीत त्याचं नाव घातलंय. नंबर कधी लागेल? "सांगता येत नाही." मुकादमानं विचारलं, ऑपरेशन कधी? नाही म्हटलं. "बरं झालं," म्हणाला. एक खोका त्याच्या अंगावर फेकायचा राहिला.

२८ जुलै
उद्या नागपंचमी. आज दिवसभर पोटात काही घातलं नाही. कुठलीही तपासणी नव्हती.