तेरावी गाठ

४ डिसेंबर
आलो बाबा एकदाचा. तिवशापासून पुढे आठ किलोमीटर, एसटीनं हाडं खिळखिळी केली. अकोल्यातला आमच्या शेजारचा गजेंद्र इथे सिनेमा काढतो आहे: गावातले बारा जण सैतानाला पूजतात अन् माणसं मारतात. खिसा फाटका, म्हणून गावकरीच नट, कापसाची बंद पडलेली जिनिंग हेच सैतानाचं देऊळ, अन् रात्र म्हणे भरदुपारी शूट करून कंप्युटरवर काळी करायची! बारा झगे शिवायला मी, नत्थुजी टेलर. जेवण मैनाबाईकडे. तिची भाकर-ठेचा खाल्ला अन् शीण गेला. गावचे पुढारी जानराव भेटले. म्हणाले, काकाजी, सैतान पाहाले अकोल्याहून काहून आले, तिकडचे सरले का?

७ डिसेंबर
कापूस वेचणी चालू, मापाला कोणाला सवड नाही. मैनाबाईनंच बारा गळ्यांची मापं आणून दिली, जुन्या रीतीनं, एकाच सुतळीला दर गळ्यामागे एक गाठ मारून. मी पूर्वी चोळ्या अशाच मापावर शिवायचो, म्हणून टेप काढलाच नाही. कॉलरसाठी तिनं एक लाल लुगडंही दिलं. मन मोठं बाईचं.

९ डिसेंबर
झगे अंगावर चढले. गळ्याला बोटभर फरक नाही! जानरावांनी पाठ थोपटली. लुगड्याची पट्टी उरली होती, थंडीची म्हणून मी गळ्याला गुंडाळली. छान ऊब आहे.

११ डिसेंबर
आज बाईला आढ्याला टांगायचा सीन. बाई म्हणजे चिंध्यांची बाहुली. पण बारा जणांना काही शिकवावंच लागलं नाही. पाय कोणी धरायचे, ओढायचं कोणी, सगळं ठाऊक. जानरावांनी फास एका झटक्यात मारला. गजेंद्र खूश.
संध्याकाळी मैनाबाईनं सांगितलं. लुगडं तिच्या बहिणीचं, पार्बताबाईचं. करणी करते म्हणून याच बारा जणांनी तिला याच आढ्याला, याच लुगड्यानं टांगलं, अन् तिनंच फास घेतला असं ठाण्यात लिहून दिलं. माह्यं कोनी आयकत नाई भाऊ, म्हणाली, तुमी बाहेरचे, उद्या ठाण्यात चला. मी म्हटलं, मी दोन दिवसांचा पाहुणा, मला कशाला... ती माझ्या गळ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, ज्याले ठाऊक हाय अन् जो गप बसते, तो त्यायचाच.

१२ डिसेंबर
शूटिंग आटोपलं अन् जानरावांची कॉलर निघेना. आधी हसले, काकाजी, मले फाशी देता का? मग कॉलर आवळत गेली, हसणं थांबलं. माझी चाळीस वर्षांची कात्री त्या लाल कापडावर नुसती घसरते. चार वाजता जीव गेला. चेहरा —
बाकी अकरांचेही झगे निघत नाहीत.

१३ डिसेंबर
सात गेले. गजेंद्र गाडी काढून पळाला.
माझीही पट्टी सुटेना. गाठ तर मारलीच नव्हती —
सुतळी काढून पाहिली. गाठी बारा होत्या. शपथेवर सांगतो, बाराच. आज तेरा. नवी गाठ माझ्या गळ्याला लावून पाहिली.
बोटभर फरक नाही.

दुपार
बारावाही —
मैनाबाई दारात बसली आहे. माझी भाकर घेऊन आली. म्हटलं, चला ठाण्यात, आत्ता चला. म्हणाली, परवा म्हनलं होतं, भाऊ.
तर इथेच लिहितो. पार्बताबाईनं फास घेतला नाही. तिला बारा जणांनी मारलं. मला ठाऊक होतं, तरी मी ग—