घंटी वाजली की कडेला व्हायचं

सोमवार, ४

पोचले एकदाची! बसच्या टपावरून सायकल उतरवताना कंडक्टरच्या आणि माझ्या, दोघांच्याही नाकी नऊ आले, पण सायकलवर एक ओरखडा नाही. खोली वरच्या मजल्यावर आहे. छत इतकं उतरतं की पलंगावर बसताना डोकं सांभाळावं लागतं. टेबल डुगडुगत होतं, त्याच्या पायाखाली जुन्या नकाशाची घडी सरकवली. खिडकीतून डोंगर आणि नुसतं जंगल दिसतं.

काम मजेचं आहे. पर्यटन कार्यालयाला एक पुस्तिका हवी आहे, मोटारींचा वारा न लागलेल्या सायकलवाटांची. इथे अशा दोन आहेत, दोन्ही खडीच्या. वरची डोंगरावरून जाते, खालची ओढ्याच्या काठाने थेट पलीकडच्या स्टेशनाला. तिसरा बसचा डांबरी रस्ता, तो माझ्या कामाचा नाही. अंतर, चढ, खडी कुठे सुटी आहे, पाणी कुठे मिळतं, एवढं टिपायचं आणि वर पगार घ्यायचा!

आणि शनिवारी भिंगरी येणार आहे. माझी लेक, वय एकोणीस, पाय जमिनीवर ठरत नाही म्हणून भिंगरी. ती स्टेशनवर उतरून खालच्या वाटेने सायकलवरच येईल. कामापायी मी तिच्याबरोबरच्या तीन सहली रद्द केल्या. यावेळी वाट बघायला लावणार नाही, असं कबूल केलंय.

मंगळवार, ५

सकाळी सायकलवाल्या काकांकडे गेले. घंटीचा स्क्रू ढिला झाला होता. तो आवळायचा सोडून त्यांनी विचारलं, काढूनच टाकू का? दुकानातल्या एकाही सायकलला घंटी नव्हती. म्हणाले, इथं कुणी वाजवत नाही, आणि जंगलात मागनं वाजलीच तर थांबू नका, वाट देऊ नका. वा रे सभ्यता! मी म्हटलं, घंटी वाजली की कडेला व्हायचं, हे वडिलांनी मला शिकवलं आणि मी माझ्या लेकीला. काकांनी स्क्रू आवळला. निघताना मात्र पुन्हा तेच बजावलं.

वरची वाट सुरेख आहे. जुन्या खाणीमागून सुरू होते, पहिल्या चार किलोमीटरमध्ये जीव काढते आणि मग सगळं वसूल करून देते. एक मोटार नाही, एक हॉर्न नाही. परतताना शेवटच्या उताराआधी मागून घंटी वाजली. सवयीने कडेला झाले, पाय टेकला, म्हटलं, या, पुढे व्हा. चाकाखाली खडी करकरली, कुणीतरी अंगाला घासून गेल्यासारखं वाटलं. दिसलं कुणीच नाही. वारा असेल, पण इतका गार कसा?

बुधवार, ६

चढाची मोजणी राहिली होती म्हणून खाणीवर गेले. वाट नाही. काल जिथून बाहेर पडले, तिथे जाड बुंध्यांची झाडं उभी आहेत. जागा चुकली असेल म्हणून तीन फेऱ्या मारल्या. तेवढ्यात त्याच झाडांमधून टपालवाला सायकलवर बाहेर आला आणि मान हलवून पुढे गेला. त्याच्या टायरला ओली खडी चिकटलेली होती. त्याला वाट आहे, मला नाही.

चष्म्याचा नंबर वाढला असेल, अशी स्वतःची समजूत घातली आणि खालच्या वाटेला लागले. चौदा किलोमीटर, ओढ्यावर दोन लाकडी पूल. परतताना घर जवळ आलं आणि मागून घंटी वाजली. काकांचं बोलणं आठवलं, पण तोवर पाय टेकला होता. चाळीस वर्षांची सवय, ती काय विचारून येते? पुन्हा तोच गारठा. घरी येईपर्यंत मागे बघायची हिंमत झाली नाही.

गुरुवार, ७

खालची वाटही गेली. तिथे काटेरी झुडपं आहेत.

घरमालकीणबाईंना सांगितलं. त्या कपडे वाळत घालत होत्या, हातातला चिमटा हातातच राहिला. म्हणाल्या, वाट दिली म्हणजे दिली, ती आपली राहत नाही. माणसाला जितक्या वाटा माहीत, तितक्या त्याच्याजवळ. सगळ्या देऊन बसला की तो जंगलात राहतो आणि जाणाऱ्याच्या मागे लागून त्याची वाट मागतो, घंटी वाजवून. मिळाली की तो सुटतो. मला इथल्या तीन वाटा माहीत होत्या. एक उरली.

भिंगरीला फक्त एकच माहीत आहे. मीच सांगितलेली.

बाईंच्या फोनवरून तिला येऊ नकोस म्हटलं. ती म्हणाली, काम निघालं ना आई? मी सगळं सांगितलं, घंटी ऐकलीस तरी थांबू नकोस म्हणून विनवलं. तिने फोन ठेवला. पुन्हा लावला, उचलला नाही. मला रडू आवरेना.

शुक्रवार, ८

बस सोमवारशिवाय नाही. डांबरी रस्त्याने सायकलवर निघाले. लांबून वळसा घालून स्टेशन गाठायचं, तिला तिथेच थोपवायचं.

सहाव्या किलोमीटरला घंटी. थांबले नाही. वळणावर घंटी, चढावर घंटी. दम संपला तरी पाय थांबवला नाही.

मग आवाज बदलला. भिंगरीच्या लहानपणच्या तीनचाकीची घंटी, तीच, मध्येच अडकणारी. मी मागे वळून बघितलं.

चाक घसरलं. पाय टेकला. कडेला.

गारठा. डांबर संपलं. पुढे झाडं. मागे झाडं.

शनिवार, ९

आता बाकीचे दिसतात. सात-आठ जण. सायकलींवर बसून, एक पाय टेकून. कुणी बोलत नाही. सगळ्यांचे अंगठे घंटीवर.

माझी घंटी उपटून फेकली. पुन्हा हँडलवर आहे. दोनदा फेकली.

झाडांत खडीची वाट उमटली — पिवळं हेल्मेट — भिंगरी! नको म्हटलं तरी आली. माझी लेक आली.

तिच्या पाठीमागे असते तेवढीच वाट मला दिसते. सगळ्यांच्या आधी मी घुसले. वाट अरुंद आहे, मला ओलांडून कुणी जाणार नाही. माझ्यामागे सगळे घंट्या वाजवताहेत, पण त्या तिला ऐकू जात नाहीत. तिच्या पाठीशी मी आहे, त्यामुळे ऐकू जाईल ती फक्त माझी.

हाक मारली. आवाज फुटत नाही.

वही हँडलवर टेकवून लिहितेय. हात गुंतलेला बरा, नाहीतर अंगठा घंटीकडे जातो. मला घरी जायचंय. फार जायचंय. पण तिची वाट घेऊन नाही.

दुसरा पूल झाला. चल, बाळा, थांबू नकोस —

दोरीवरचे कपडे दिसतात. बाई दारात आहेत. थोडंच राहिलं —

उजवा हात लिहिण्यात आहे. डाव्याकडे माझं लक्षच —

वाजली.

तिने पाय टेकला. कडेला झाली, मी शिकवलं तशी. मागे न बघता हात करतेय, या, पुढे —