छपरावरचं गटर

२ मे
आजपासून रोजनिशी. विषय एकच: पन्हळ.
पोर्चच्या पत्र्याच्या पागोळ्या दारातल्या पायरीच्या अगदी पुढ्यात पडतात आणि सगळं पाणी पायरीवर उडतं. गेल्या पावसाळ्यात भामा तिथेच घसरली आणि दसऱ्यापर्यंत तिचा हात गळ्यात होता. यंदा तिने स्पष्ट सांगितलं: पायरी कोरडी राहणार नसेल तर पावसाळाभर मी पुण्याला, रेणूकडे. रेणू म्हणजे आमची मुलगी. मी म्हणालो, ज्याने रेल्वेच्या साहेबलोकांना रिटायर होईपर्यंत ‘डिसिजन मेकिंग’ शिकवलं, त्याला एक पन्हळ निवडायला किती वेळ लागणार? ती उठून कुकर लावायला गेली. पटलं असावं.
चार दिवसांत काम फत्ते.

६ मे
घाई नको. पीव्हीसी, अ‍ॅल्युमिनियम, जस्ताचा पत्रा, तांबं. शिवाय प्रत्येकात अर्धगोल आणि चौकोनी. तांबं बाद. भामा म्हणाली, त्यापेक्षा घरात दोन हंडे घ्या.

१३ मे, सकाळी
फील्ड स्टडी. स्ट्रीट नंबर आठमधल्या घरांच्या वळचणी मान वर करून बघत फिरलो. एका गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांचा गैरसमज झाला. त्यांचे यजमान खाली आले. मी पन्हळ देख रहा हूँ म्हणालो, पण त्याने गैरसमज वाढला.
यापुढचा अभ्यास इंटरनेटवर.

२१ मे
मान धरली आहे. तरी राणीगंजच्या बाजारात जाऊन आलो. दुकानदाराला पन्हळ मागितली तर म्हणाला, पनीर नक्को साब, डेअरी आगे है. मराठी माणसाने हैदराबादेत कसं जगायचं? शेवटी त्याने ब्रोशर दिलं. वर मोठ्या अक्षरांत ‘रेन गटर’. आता व्यवहारात गटरच म्हणणार. भामा म्हणाली, अहो, गटर म्हणू नका, लोक भलतंच समजतील. तिला ब्रोशर दाखवलं. छापलेलं आहे म्हटल्यावर विषय संपला.

३० मे
मोठी झेप! पीव्हीसी, अर्धगोल. आता फक्त रंग: आयव्हरी की ऑफव्हाइट? दोन्ही तुकडे फ्रिजवर चिकटवलेत. भामाला दोन्ही सारखेच दिसतात. तिचे डोळे तपासून घ्यायला हवेत. दूधवाल्याचं मत आयव्हरी, पण तो दूधवाला, त्याचा कल तिकडे असणारच.

४ जून
संध्याकाळी जोराचा पाऊस. मान्सूनपूर्व आहे, हिशेबात धरायचा नाही. भामाने पायरीवर गोणपाट टाकलं.
रात्री रेणूच्या फोनवरून कळलं, आईचं अठरा तारखेचं तिकीट काढलंय. थोडं वाईट वाटलं. थोडं कशाला, बरंच वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत मला एकदाही साखरेचा डबा शोधावा लागलेला नाही.
उद्या निर्णय.

९ जून
पाऊस. हाही मान्सूनपूर्वच.
कॉलनीचे सेक्रेटरी यादगिरी गारू, म्हणजे तेलुगूतले यादगिरीराव, आले. असोसिएशनमध्ये तक्रार आहे म्हणे, प्रतापराव घरावर गटर नेणार. वास येईल, मच्छर होतील. मी उतार, प्रवाह, पागोळ्या सगळं समजावलं. ते नाकाला रुमाल लावून ऐकत होते. जाताना म्हणाले, गटर नीचे होना प्रतापराव गारू, ऊपर नक्को. लोकांना टेक्निकल ज्ञान अजिबात नाही.

१२ जून
शेवटी अ‍ॅक्शन. कंत्राटदार मोईज भाईंना फोनवर ऑर्डर. घर के सामने गटर होना, दरवाजे पे पानी नहीं आना, असं थोडक्यात सांगितलं. माणूस हुशार. लांबी विचारली, पोर्चएवढी म्हणालो. खोली विचारली. हा प्रश्न आजवर एकाही दुकानदाराला सुचला नव्हता! सेफ्टी मार्जिन धरून दीड फूट सांगितली. ऊपर जाली होना क्या साब, म्हणाले. अर्थात, पानं अडकू नयेत म्हणून. रंगाचं विचारलं तर हसले. अंदर का रंग किसकू दिखता साब.
भामाला म्हणालो, तिकीट रद्द कर. ती म्हणाली, आधी बघू.

१५ जून
भामा काचीगुड्याला बहिणीकडे, मी जेवून आडवा. उठलो तर दारासमोर पोर्चभर लांब, दीड फूट खोल नाली. आत सिमेंट, टोकाला रस्त्याकडे पाइप. काम सुबक आहे, नाही म्हणता येणार नाही. मोईज भाई म्हणाले, जाली परसों आती. हैदराबादी परसोंला पंचांग नसतं. मागच्या दिवाळीलाही परसों म्हणतात आणि पुढच्या रमजानलाही.
भामा आली. तिने नालीकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हे फेज वन आहे, असं मी सांगितलं. ती आत जाऊन बॅग भरायला लागली.

१७ जून
पडून लिहितोय.
सकाळी रंग नैसर्गिक उजेडात बघावा म्हणून दोन्ही तुकडे पत्र्याला लावून मागे मागे सरकलो. ऑफव्हाइट! निर्णय झाला. झाला त्या क्षणी मी फेज वनमध्ये होतो.
उजवा पाय प्लास्टरमध्ये. प्लास्टरही ऑफव्हाइट आहे. रंग उठून दिसतो.
भामाने तिकीट रद्द केलं. म्हणजे मूळ उद्देश साध्य झाला. पण ती बॅगेतल्या साड्या परत कपाटात ठेवत होती तेव्हा तिच्याकडे बघवेना. मी तोंड भिंतीकडे केलं.

२६ जून
सकाळपासून धो धो. हा धरायला हवा.
पलंग खिडकीशी आणवला. पागोळ्या पत्र्यावरून सरळ नालीत पडत होत्या आणि पाइपातून रस्त्याला लागत होत्या. पायरीवर थेंब नाही. भामा पायरीवर येऊन उभी राहिली, पागोळ्यांखाली हात धरला, आधी एक, मग गेल्या वर्षी मोडलेलासुद्धा. मग हसली. म्हणाली, काही म्हणा, तुमचं गटर छान चाललंय हो.
त्याला पन्हळ म्हणतात, असं ओठांवर आलं होतं. 
तीच पुढे म्हणाली, आता वर काही लावू नका. आत येऊन तिने ब्रोशर माझ्या पायाखालच्या उशीखाली सरकवलं. पायाला उंची बरोबर मिळाली.
ठीक आहे. पण जाळी येईपर्यंत नाली ओलांडायला फळी लागेल. सागवानी की लोखंडी? उद्यापासून अभ्यास.

त्याच दिवशी, दुपारी
भामाने जेवायचा जुना पाट आडवा टाकलाय. यादगिरी गारू त्यावरून आले आणि गेले. मोडला नाही.