गाडी सुरू झाली की जा

९ जानेवारी

"गाडी सुरू झाली की जा." – झालं! एवढं बोलले आणि पुन्हा पेपरात तोंड घातलं.

ताई जिना उतरताना पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरी आली. एकटी आहे, शहराबाहेर राहते, व्यायामासाठी एक दिवसाआड हॉस्पिटलात न्यायला हवं. माझ्याशिवाय तिला आहे कोण? धाकटे दीर तर आपणहून म्हणाले, "वहिनी, तुम्ही बिनधास्त जा. मी येऊन राहतो दादाजवळ." सगळं जुळत होतं. पण ह्यांना भाड्याची गाडी खपत नाही. "घरात गाडी असताना बायको भाड्याच्या गाडीतून हिंडणार? शोभतं का?"

घरात गाडी आहे म्हणे! ह्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात आणि उजवा पाय गेला, तेव्हापासून ती शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. मेकॅनिकला हात लावू देणार नाहीत. "ते लोक वाट लावतात." मग दुरुस्त कोण करणार? तर म्हणे मी! हे खुर्चीत बसून सांगणार आणि मी करणार.

इतकी वर्षं त्या शेडमध्ये चहाचा कप ठेवण्यापुरतीच मला मुभा होती. लायसन्स माझंही आहे. लग्नानंतर दोन-तीनदा चालवली, तर "क्लच जाळतेस" म्हणून किल्ली काढून घेतली, ती घेतलीच.

१२ जानेवारी

"बारा-तेराचा पाना! बारा-तेराचा! चौदाचा नाही!" – शेजारच्या तीन घरांना तरी ऐकू गेलं असेल.

पेट्रोलची टाकी रिकामी केली. आतून गंजाचं लाल पाणी निघालं. हे डाव्या हातातल्या काठीने दाखवतात – तो बोल्ट, तो नाही, त्याच्या मागचा. मी गाडीखाली पाठीवर. डोळ्यांत माती. एकदाही म्हणाले नाहीत, जरा थांब, दम खा.

गाडीला राणी म्हणतात. मला 'अगं'.

१७ जानेवारी

आज माझी शोभा झाली. पाण्याचा पंप गंजून बसलाय, नवीन कुठे मिळत नाही, म्हणून जुन्या गाड्यांच्या बाजारात गेले. तिथे एक टोपीवाला आहे, ह्यांचा जुना ओळखीचा. त्याने विचारलं, "गाडी सुरुवातीच्या मॉडेलची की नंतरची? दोन्हींचे पंप वेगळे." मी ह्यांना फोन केला. म्हणाले, "नंतरची सांग."

आणला. बसेना! भोकंच जुळत नाहीत. हे म्हणाले, "फसवलं त्याने तुला. बाई बघितली की ओळखतात." परत गेले, चार लोकांसमोर भांडले. टोपीवाला शांतपणे म्हणाला, "मॅडम, म्हणून तर मी विचारलं होतं." मुकाट्याने बदलून घेतला आणि मान खाली घालून घरी आले.

ह्यांना आपल्या गाडीची जन्मतारीख पाठ आहे. माझी विचारा!

२२ जानेवारी

ताईचा फोन. "घाई करू नकोस गं." ती असं म्हणाली की समजायचं, नुकतीच रडून झाली आहे.

२८ जानेवारी

पंप बसला. गळत नाही. कार्बोरेटर उघडला, एकेक बारीक तुकडा पेट्रोलमध्ये धुतला, जुन्या चादरीवर ओळीने मांडून वाळवला आणि पुन्हा जोडला. एकही स्क्रू उरला नाही! खोटं कशाला लिहू, आनंद झाला. माझ्या हातांना हे जमतं, हे मला आत्ता ह्या वयात कळतंय. हाताच्या रेषांत काळं बसलंय आणि मला ते घासून काढावंसं वाटत नाही.

हे म्हणाले, "मधला स्क्रू जास्त आवळलास."

आता डिस्ट्रिब्युटर काढून साफ करायचा. तिथून चारही प्लगना वेळच्या वेळी ठिणगी जाते. तो बरोबर बसला की सुरू होईल म्हणाले. परवा बसवू.

२ फेब्रुवारी

नाही झाली. नवी बॅटरी दिरांनी आणून दिली, स्टार्टर जोमात फिरतो, पण गाडी धरत नाही. एकदा कार्बोरेटरमधून फाट्कन आवाज आला, मी दचकून मागे झाले, तर हे हसले.

डिस्ट्रिब्युटर बसवताना त्याच्या काठावर तेलाच्या थराखाली एक रेघ दिसली. विचारलं, "ही खूण कसली?" म्हणाले, "आधीच्या मालकाची. तिच्याकडे बघू नकोस, मी सांगतो तसं बसव." बसवला.

आता म्हणतात कॉइल गेली असेल. टोपीवाल्याकडे मिळेल, पण वेळ लागेल.

७ फेब्रुवारी

कॉइल बदलली. नाही. पॉइंट बदलले. नाही. आता प्लगच्या वायरी बदलायच्या म्हणे. हे मात्र खुशीत. सकाळी स्वतःच विचारतात, "चल, आज शेडमध्ये नाही जायचं?" दोन घास जास्त जातात. माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटून ह्यांची तब्येत सुधारतेय!

९ फेब्रुवारी

ताईला कोणी न्यायला नाही, म्हणून व्यायाम बुडतोय. पाय आखडत चालला आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आत्ता हलवला नाही तर जन्मभर काठी.

मी हे ह्यांना सांगितलं. फक्त सांगितलं, बाकी एक शब्द नाही. तर एकदम अंगावर आले. "मग काय, मी मुद्दाम करतोय?"

असं मी कुठे म्हटलं होतं?

११ फेब्रुवारी

आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारी ते झोपले होते. मी एकटीच शेडमध्ये गेले. रॉकेलच्या फडक्याने डिस्ट्रिब्युटरचा काठ पुसला. तेलाचा थर निघाला आणि खालून रेघ दिसली – पोपटी! झोंबणारा पोपटी. इंजिनवरही तसलीच दुसरी रेघ.

तो रंग आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा आहे. गाडी घेतल्यानंतर किती वर्षांनी ती खिडकी रंगवली! दुकानदाराने मिसळताना घोळ केला आणि असला विषारी रंग झाला की हे आजही माझी त्यावरून टर उडवतात. असा रंग दुसऱ्या कुणाच्या घरात असणं शक्य नाही. आधीच्या मालकाला तो मिळाला कुठून?

खूण ह्यांचीच. स्वतःला चुकू नये म्हणून केलेली. आणि मला सांगितलं बरोब्बर उलटं – आतल्या फिरत्या रोटरचं तोंड खुणेच्या विरुद्ध बाजूला. कॉइल, पॉइंट, वायरी सगळं चांगलं होतं. पंपाचंसुद्धा आत्ता समजलं. "नंतरची सांग." ज्याला गाडीचं सगळं पाठ, तो हे चुकेल?

मी उन्हात त्या बाजारात वणवण करत होते, तिकडे ताईचा पाय आखडत होता, आणि तो इथे खुर्चीत बसून मला खेळवत होता. हो, तो! आज मला 'हे' लिहवत नाही.

१२ फेब्रुवारी

मुद्दाम त्याला खुर्चीत आणून बसवलं. पहिला प्लग काढला, भोकावर अंगठा धरून इंजिनची पुली फिरवली, दाब आला तिथे थांबवली. एवढं तरी त्याने खरं शिकवलं होतं. डिस्ट्रिब्युटर उचलला, फिरवला आणि खुणेला खूण लावली. तो बघत होता. "तसं नाही," म्हणाला एकदाच, अगदी हळू. मी ऐकलं नाही.

किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू!

शेड धुराने भरली. त्याने काठी उचलून चोककडे दाखवली. मग म्हणाला, "चोक आत ढकल. प्लग ओले होतील."

मी विचारलं, "रंग ओळखलात?"

"ओळखला."

"का केलंत असं?"

खाली बघत म्हणाला, "घरात तू एका खोलीत, मी एका. इथे दिवसभर समोर असतेस." आणि काठीची मूठ चोळत, "तीन आठवडे म्हणतेस. परत येशील कशावरून?"

मी म्हटलं, "यायचं नसतं तर गाडीची वाट कशाला बघितली असती? चालत गेले असते."

दया आली असती कदाचित. ताईच्या आखडलेल्या पायाची आठवण नसती तर नक्कीच आली असती.

१४ फेब्रुवारी

दीर आले. मी निघाले. हे दारापर्यंत आले नाहीत. खुर्चीतूनच, "तिसऱ्यातून दुसऱ्यात घालताना जपून," म्हणाले. दुपारपर्यंत ताईकडे पोचले. क्लच जळला नाही.

२३ फेब्रुवारी

ताई आज कठड्याला धरून स्वतः चालली! हॉस्पिटलातली ती व्यायामवाली पोरगी म्हणाली, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि मनसोक्त रडले. संतापाने रडले, सुटकेने रडले, दोन्ही.

मग ताईला गाडीत घेतलं, काचा खाली केल्या आणि उगाचच लांबच्या रस्त्याने घरी आलो. ताई म्हणाली, "कुठे चाललोय?" मी म्हटलं, "कुठेच नाही." तिला हसू आवरेना.

१ मार्च

इथे सकाळी कोणी हाक मारत नाही. चहा प्यायचा तर प्यायचा, नाही तर नाही. आज मी दुपारी झोपले – मी! ताई आता वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते. दीर फोनवर म्हणतात, "दादा बरा आहे, नीट जेवतो. वहिनी, तुम्ही शुक्रवारी येताय ना?" मी हो म्हणते.

५ मार्च

आज निघायचं ठरलं होतं. सकाळी बॅग भरली, मग ह्यांना फोन केला – गाडी सुरू होत नाहीये. हे घाबरले. एकेक विचारत गेले, एकेक सांगत गेले, अर्धा तास, न ओरडता, आणि सगळं अगदी बरोबर सांगितलं. शेवटी म्हणाले, "एखादा पार्ट लागला तर मिळायला वेळ लागेल गं." मी म्हटलं, "हो, लागेलच." मी ताईच्या पलंगावर मांडी घालून बसले होते. गाडीला काहीही झालेलं नाही.