घोड्याच्या घरातलं प्यादं

बाबूजी, परवा रविवारी मी हातात आलेला डाव घालवला. तुमच्याशिवाय हे सांगावं असं आता कुणी नाही.

भंडाऱ्याच्या आमच्या बुद्धिबळ मंडळात दोघेच उरलो आहोत. एक मी, दुसरे पोस्टातून निवृत्त झालेले काका. तुम्ही त्यांच्याशी एकदाच खेळला होतात. महिनाअखेरीला मंडळाची खोली सोडायची आहे आणि काका लेकीकडे नागपूरला चाललेत. इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही हरवलेलं नाही. हा शेवटचा डाव मला हवाच होता.

पटावर दोन राजे आणि माझं एक प्यादं. ते घोड्याच्या पट्टीतून शेवटच्या घरात पोचलं. वजीर घ्यायचा की मात ठरलेली, शेंबडं पोरही सांगेल. माझ्या हातानं मात्र घोडा उचलून ठेवला. आंधळगावच्या आपल्या ओट्यावर तुम्ही शिकवलं होतंत, प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल तेच मोहरं होतं. एकट्या घोड्यानं मात होत नाही. डाव बरोबरीत.

"उचल तो, वजीर घे," काका म्हणाले. "मी काई पाह्यलंच नाही."

याच खोलीत एकदा तुम्ही गावाहून एसटीनं आला होतात, धुतलेला सदरा घालून. काकांविरुद्ध जिंकत होतात. घोड्याच्या घरात घोडाच ठेवलात आणि सगळे हसले, सगळ्यांत मोठ्यानं मी. "बाबूजी, इथं गावठी खेळ नाही चालत." तुम्ही गोंधळून माझ्याकडे पाहिलंत. "घोड्याच्या घरात गेला त घोडाच होईन ना बाबू. वजीर कायले होईन?" त्यानंतर ओट्यावर पट कधी मांडला नाहीत. मांडा, असं मीही म्हटलं नाही, आणि पुढच्या वर्षी तुम्हीच गेलात. माफी मागायला एक वर्ष होतं माझ्याजवळ. आता कितीही वर्षं असली तरी काय उपयोग?

"राहू द्या काका," मी म्हणालो. "मुद्दामच ठेवला. बाबूजीसाठी."

काकांचे डोळे भरले. माझा हात धरून म्हणाले, "तुया बापाले पावलं रे."

हा कागद मोहऱ्यांच्या डब्यात ठेवतो आहे, आणखी कुठं टाकणार? मुद्दाम नव्हता ठेवला, बाबूजी. चुकलो होतो. तसं म्हणायची लाज वाटली, म्हणून तुमचं नाव पुढे केलं.