पिन कुणी बसवली?

४ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आशीर्वाद.

दोन महिने पत्र नाही, म्हणजे खुशाल असणार. अडचण आली की वेळच्या वेळी लिहितोस!

घर बदलतोय, म्हणून माळा आवरला. तू बसवून दिलेले आग विझवायचे तीन लाल सिलिंडर निघाले. दोन स्वयंपाकघरातले; तिसरा यांच्या कामाच्या खोलीतला, आठ वर्षांपूर्वीच्या आगीतला. यांनी तो चादरीत गुंडाळून पार मागे सारला होता. तेव्हा सतरंजी टाकून हातांनी आग विझवली, बोटं कामातून गेली. घड्याळं उघडणारा माणूस आता नुसते पट्टे बदलतो. त्याचं दुःख केलं नाही. पण साधा सिलिंडर आपल्याला चालवता आला नाही, ही खंत काही जात नाही. आणि तू मेल्या, मामाकडेसुद्धा सगळ्यांना हसवलंस, की दाजींना घड्याळातले एवढुसे काटे दिसतात, पण सिलिंडर दाबण्याआधी ओढायची पिन दिसली नाही. हेही हसले. आता पुरे कर.

सिलिंडर टाकायचे कुठे? धंदा तुझा, तूच सांग.

मुलांना पापा.
तुझी,
ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कचऱ्यात टाकू नकोस, गाडीत दाबले गेले तर फुटतील. भोकही पाडू नकोस, आत दाब असतो. फायर ब्रिगेडवाले घेतात, पण तिथे उगाच फॉर्म आणि चौकशा. राहू दे, रविवारी येऊन मीच नेतो. दाजींच्या सिलिंडरला तर हातही लावू नकोस. त्यांना सांग, पिन काढायला तज्ज्ञ येतोय!

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
बारक्या

२१ मार्च

बारक्या,

दोन रविवार वाट पाहिली. सामान हलवायचा दिवस आला, तेव्हा शेजाऱ्यांच्या गाडीतून तिन्ही फायर ब्रिगेडला नेले. तिथल्या वयस्कर जमादारांनी यांचा सिलिंडर उलटा करून कानाशी धरला. दाबाचा काटा हिरव्यात, म्हणजे दाब ठीक, पण आत काहीच हलेना. त्यांनी आधी बेताबेताने दाब सोडला, मग माझ्यासमोर उघडला. आतल्या पावडरीचा सिमेंटसारखा गोळा, नळीचं तोंड बंद. म्हणाले, वर्षानुवर्षं हा कुणी उघडलेला नाही, दिवसभर दाबला असता तरी काही आलं नसतं. त्याच्या तपासणीच्या कार्डावर मात्र आगीच्या वर्षापर्यंत दरवर्षी तुझी सही.

मी पिनेचं विचारलं. पिन जागेवर होती, पण तिचं सील तुटलेलं. पिन ओढल्याशिवाय ते तुटत नाही म्हणे.

आगीच्या दिवशी मी यांच्यासोबत दवाखान्यात होते. त्या खोलीत तू एकटाच गेला होतास. बारक्या, पिन परत कुणी बसवली?

ताई

२६ मार्च

ती. ताईस,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही. मीच बसवली. पिन ओढलेली होती; सिलिंडर हलवून पाहिला, तर आतली पावडर घट्ट झालेली. लायसन्स जाईल, लोक तोंडात शेण घालतील, एवढंच डोळ्यांसमोर आलं. वाटलं, दाजींचे हात बरे होतीलच. ते झाले नाहीत, तोवर दाजींनी पिनच ओढली नाही, असं मी घरोघर सांगून बसलो होतो. कुणी खोलात जाऊ नये म्हणून विनोद करत राहिलो. त्या सह्या तुझ्याकडे जेवायला आलो की टेबलाशी बसूनच ठोकायचो.

पाया पडतो, दाजींना सांगू नकोस.

तुझाच, तू म्हणू दिलंस तर,
बारक्या

३० मार्च

बारक्या,

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. यांनी हातातला पट्टा खाली ठेवला, पुन्हा वाच म्हणाले, आणि पिनेचं तेवढं तिसऱ्यांदा. मग फक्त म्हणाले, म्हणजे मी ओढली होती. आठ वर्षं त्या माणसाने स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवला नाही रे, तुझ्यावर ठेवला.

पुन्हा तोंड दाखवू नकोस, असं लिहायला मी बसले होते. पण यांनी विचारलं, अशा न बघता केलेल्या सह्या आणखी किती घरांत आहेत? ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

तेव्हा यांचा निरोप असा : माफी मागायला इथे येऊ नकोस, आधी त्या घरांत जा. भिंतीवरचा प्रत्येक सिलिंडर खाली घे, त्या लोकांना खरं काय ते सांग आणि चालणारा बसवून दे. लायसन्स गेलं तर जाऊ दे. मग मामाकडे जा आणि सगळ्यांसमोर पिनेचं खरं सांग. त्यानंतर आमच्याकडे आलास तर हे तुला घरात घेतील.

माझं मी सांगू शकत नाही.

ताई