वीतभर आणि सव्वा फूट

१२ नोव्हेंबर

चि. भडकूस ताईचे अनेक आशीर्वाद.

बटाट्याची लावण झाली आणि रक्तही सांडलं. वावर एकच, वाटे दोन: अर्धं ह्यांचं, अर्धं माझ्या थोरल्या दिरांचं. दिरांनी वीत-वीतभर अंतरावर बेणं टाकलं. हे सव्वा फुटावर अडून बसले; झाडाला ऐसपैस जागा मिळाली की बटाटा मुठीएवढा होतो, असं ह्यांचं म्हणणं. दीर म्हणाले, एवढ्या मोकळ्या रानात काय म्हशी लोळवायच्या आहेत? आणि पाटी घेऊन सरळ आमच्या सरीत शिरले, मधल्या जागांत बटाटे खुपसायला लागले. ह्यांनी त्यांचं मनगट धरलं. दिरांनी खोऱ्याचा दांडा ह्यांच्या जबड्यावर हाणला. दोन दात मातीत पडले.

मग मला काय झालं कोण जाणे. दाताळं उचललं आणि दिरांच्या पायात घातलं. बूट फोडून आत गेलं. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. त्याचीच भीती वाटते. जाऊबाई धावत आल्या आणि नवऱ्याआधी मलाच धरून बसल्या.

तू अंगात आल्यासारखा धावत येऊ नकोस. थंडीत कान झाकत जा. ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


२० नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हातातला पाना भिरकावला, गॅरेजच्या काचेला तडा गेला. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी तू, आणि माणसाचा पाय फोडलास! बाई गं, आता तुझ्याशी जपूनच बोलायला हवं.

दाजींना सांग, त्यांनी नुसतं हो म्हणावं. चार मित्र घेऊन येतो आणि थोरल्यांना आयुष्यभर लंगडत ठेवतो. चेष्टा नाही करत. पण एक खरं सांग. चारचौघांत मार खाल्लेला माणूस घरी आला की धुमसतो. दाजींचा राग तुझ्यावर तर निघत नाही ना? या प्रश्नाला बगल देऊ नकोस.

रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझा,
भडकू


३ मार्च

चि. भडकूस अनेक आशीर्वाद.

अक्षर वेगळं दिसेल. मी सांगते आहे, जाऊबाई लिहितायत. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे.

काल काढणी झाली. बांधावर काटा मांडला होता, आकडा मी मोठ्यानं वाचत होते. आमचे बटाटे खरंच टपोरे, पण मोजकेच. दिरांचे बारके, तरी पोत्यांमागून पोती. शेवटी वजन त्यांचंच जास्त भरलं. दीर हसून म्हणाले, म्हशी बऱ्याच लोळल्या वाटतं. ह्यांनी खोरं उचललं. पहिल्या घावात दिरांचा खांदा निखळला, दुसऱ्यात ते पोत्यांवर कोसळले. बटाटे रक्तात घरंगळले. मी मध्ये पडले, तेव्हा चुकून एक घाव मला बसला.

दीर दवाखान्यात आहेत. हे निघून गेले ते अजून आले नाहीत. डोकं थंड झालं की येतील. तू काळजी करू नकोस, आठवण तेवढी ठेव.

तुझी,
ताई

ता. क. तिनं सांगितलं ते लिहिलं, आता माझं लिहिते. घाव चुकून बसला नाही. आमचे हे खाली पडल्यावर भाऊजी तिच्याकडे वळले. आकडा एवढ्या मोठ्यानं का वाचलास म्हणाले आणि दांडा घातला. तिनं हात आडवा धरला म्हणून डोकं वाचलं. दुसरा पाठीवर घातला. आमचेही काही संत नाहीत, सुरुवात त्यांनीच केली. पण भाऊजी परतायच्या आत तुम्ही गाडी घेऊन या. ती नको म्हणेल. ऐकू नका.

– तुमच्या ताईची जाऊ